गेरूची रेघ

ये इकडे. जवळ बस. फोनवर बोललेलं मला आता अर्धं ऐकू येतं आणि अर्धं मी मनानं जोडते, म्हणून हे लिहून पाठवते. वाचताना मात्र जवळ बसलीस असं धर. आठ दिवस ऑफिसातच झोपलीस म्हणे? चहा-बिस्किटांवर राहिलीस? चाळिशी उलटून गेली तुझी, अंग आता तसं राहिलं नाही पोरी. आणि वर मलाच म्हणालीस, ‘मावशी, जाऊ दे, तुला नाही कळायचं.’

का नाही कळायचं? तूच सांगितलंस की तुमची माहिती एका मशीनवर नसते, तिचे तुकडे करून पाचसहा मशीनवर ठेवतात, आणि प्रत्येक तुकडा दोन-दोन ठिकाणी, म्हणजे एक मशीन बसलं तर दुसरीकडून घेता येतो. यंदा मशीन बसलं, नकला काढून बघितल्या, तर एक तुकडा सकाळचा आणि एक दुपारचा. जुळेनात. मी विचारलं, सगळे तुकडे एकाच घटकेचे धरायला काय झालं होतं? तर म्हणालीस, तेच तर चुकलं. आणि मग ते ‘नाही कळायचं’.

अगं, हीच चूक मी केलेली आहे. सोलापुरात, सत्तरच्या दशकात, लाकडी पाटावर बसून, हातोडीनं. कुणाला फारशी सांगितली नाही. आज सांगते.

तुझे काका चादरींच्या कारखान्यात कार्डं ठोकायचे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि चार माग. चादरीवर जी नक्षी उठते ती विणकराच्या डोक्यात नसते, ती पुठ्ठ्याच्या कार्डांत असते. हातभर लांब पुठ्ठा, त्याला ओळीनं भोकं. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, मधून आडवा धागा जातो. एका कार्डाला एक आडवा धागा. अशी सहाशेवर कार्डं दोरीनं एकामागं एक ओवून मागाच्या डोक्यावर चढवायची, की खाली फूल उमटत जातं. एक भोक चुकलं तर प्रत्येक चादरीवर त्याच जागी ठिपका येणार. कागदावर चौकटी रंगवून नक्षी काढायची आणि त्याबरहुकूम भोकं पाडायची, हे यांचं काम.

माझं काम नकलेचं. मी शाळेत गेलेली नाही. अंक शिकले ते कार्डांवरच, कारण प्रत्येकावर नंबर घालावा लागतो. अक्षरं पुढं आली, रद्दीच्या पेपरातून. नकलेला अक्षर लागतही नाही. मूळ कार्डाखाली दोन कोरे पुठ्ठे धरायचे, लोखंडी पट्टीत आवळायचे, आणि जिथं भोक आहे तिथं पंच ठेवून हाणायचं. ठक, ठक, ठक. शेजारची अक्का म्हणायची, “वैनी, तुज्या घरात मंगळसूत्राच्या आदी हातोडी आली काय ग?” अक्का तेलुगू, तिचा नवरा त्याच कारखान्यात विणकर. तिचं मराठी असं भरधाव की मधे शिरायला जागा मिळायची नाही.

नकला कशाला? तर सुताच्या कारखान्याला आगीचं भय. कोपऱ्यात सुताचा पिंजा साठलेला, डोक्यावर विजेच्या तारा. कार्डांचा मूळ संच कारखान्यातच फळीवर असायचा, मागावरची कार्डं झिजली की त्यावरून नवी काढायची. तो संच जळाला तर नक्षी गेली. म्हणून मालक म्हणाले, एक नक्कल कारखान्याबाहेर ठेवा. पण सहाशे कार्डं मावतील असं घर कुणाचं? सगळ्यांच्या एकेक खोल्या. तेव्हा यांनी संचाचे तीन गठ्ठे केले, पहिला, मधला, शेवटचा, आणि तीन घरं ठरवली. आमच्या घरी पहिला आणि मधला. अक्काच्या घरी मधला आणि शेवटचा. मागांची दुरुस्ती बघणारे जॉबर काका होते, त्यांच्या घरी शेवटचा आणि पहिला. कुठलंही एक घर बुडालं तरी उरलेल्या दोघांत तिन्ही गठ्ठे निघतात. बोटांवर मोजून बघ हवं तर. मी पुष्कळदा बघितलं होतं.

इथवर सोपं होतं. घोळ पुढं झाला.

नक्कल काढायला मला दोन-अडीच महिने लागायचे. स्वयंपाकपाणी उरकून दुपारचे तीन-चार तास, त्यात किती होणार? आणि तेवढ्या काळात नक्षी काही थांबत नाही. आज मालक म्हणणार पान जरा बारीक करा, उद्या विणकर म्हणणार हितं धागा लोंबतोय. हे रोज दोन-चार कार्डं बदलायचे. पहिल्या खेपेला आम्हाला अक्कल नव्हती. मी पहिला गठ्ठा केला, मग मधला, मग शेवटचा. पुरा झाल्यावर यांनी एका मागावर चढवून बघितला. तर वेल गेली डावीकडं आणि पानं राहिली उजवीकडं. कारण मधला गठ्ठा मी ठोकला तेव्हा वेल जुन्या जागी होती, शेवटचा ठोकेपर्यंत यांनी ती चार धागे सरकवली होती. माझं एकही भोक चुकलं नव्हतं. तरी चादर चुकीची.

जॉबर काका म्हणाले, “वैनी, ही वेल सासरी चालली आणि पानं माहेरीच बसली की ओ.”

हे हसले नाहीत. दोन दिवस विचार करत राहिले. नक्षीतले बदल अडीच महिने थांबवा म्हटलं तर मालक ऐकणार नाहीत. तिसऱ्या दिवशी मी तुळशीचा कट्टा सारवून त्याला गेरू लावत होते. यांनी माझ्या हातातला बोळा घेतला, गेरूच्या वाटीसकट कारखान्यात गेले, आणि फळीवरच्या तिन्ही गठ्ठ्यांच्या कडेवर वरपासून खालपर्यंत एक-एक लाल रेघ ओढून आले. एका दमात, तिन्हींवर.

मला म्हणाले, “ही रेघ म्हंजी आजचा दिवस. तू कदी बी कॉपी कर, कॉपी आजचीच करायची.”

“आणि तुमी उद्या कार्ड बदललं तर?”

“नव्या कार्डाला रेघ नसंल. तुला बिनरेघेचं कार्ड गावलं की समज, हे नंतरचं हाय. काडलेलं जुनं कार्ड मी फेकणार न्हाय, फडक्यात बांदून ठेवीन. तू फडक्यातलं घ्यायचं. तुजं झालं की फडकं सोडून टाकू.”

एवढंच. यांनी बदल करत राहावं, मागांनी चालत राहावं, आणि मी मात्र त्या रेघेच्या दिवसात बसून ठोकत राहावं. दोन महिन्यांनी नक्कल पुरी झाली तरी ती रेघेच्या दिवसाची, सगळी एका घटकेची. आणखी दोन गोष्टी यांनी बजावल्या होत्या. नवी फेरी पुरी होऊन मागावर चढवून बघितल्याशिवाय जुन्या फेरीची कार्डं जाळायची नाहीत. आणि दोन फेऱ्यांचे गठ्ठे कधी एकत्र लावायचे नाहीत, वरून सारखे दिसले तरी.

हे तू तुझ्या साहेबाला सांग. गेरू म्हणू नकोस, दुसरं काही म्हण.

चौथी फेरी चालू असताना मालक एकदा चादर हातात घेऊन म्हणाले, “मदलं हे काय हाय? फूल हाय का चकली?” सगळे हसले. हेही हसले, पण त्यांना ते लागलं. खरंच चकलीसारखं दिसायचं ते, वळशावर वळसे. यांनी नवं फूल काढायला घेतलं. देठावर कललेलं, एका अंगाला झुकलेलं, पाकळ्या एकसारख्या नाहीत. झाडावर असतं तसं. कागदावर पुरं झालं आणि यांना कावीळ झाली.

तीन आठवडे. त्यातले पहिले दहा-बारा दिवस हे उशाशी टेकून कार्डं ठोकत होते. मी म्हटलं असू दे, तर म्हणाले, “चकलीवर मरू का?” डोळे हळदीसारखे झालेले. फुलाचा खालचा निम्मा भाग मधल्या गठ्ठ्याच्या शेवटी येतो आणि वरचा निम्मा शेवटच्या गठ्ठ्याच्या सुरुवातीला. दोन्हीकडची कार्डं यांनी पुरी केली. अक्काच्या नवऱ्यानं ती नेऊन फळीवरच्या गठ्ठ्यांत बसवली, त्यांच्या नकला चारी मागांवर चढवल्या, आणि काढलेली जुनी सांगितल्याप्रमाणं फडक्यात बांधून आणून दिली. नव्या फुलाच्या चादरी निघायला लागल्या. त्यातली एक काठाशी धागा तुटलेली, डागी म्हणून बाजूला पडलेली, विणकरानं यांना बघायला घरी आणली. यांनी ती छातीपर्यंत ओढून घेतली आणि फुलावर हात ठेवून पडून राहिले. चौथ्या दिवशी गेले.

मी रडले नाही. लोक म्हणायचे हिला रडवा, नाहीतर छातीत बसेल. अक्कानं मला धरून गदागदा हलवलं. मला तिच्या हातातल्या बांगड्या दिसत होत्या आणि त्यातली एक तडकलेली आहे हे दिसत होतं. बाकी काही नाही. पाहुणे आले, गेले. अंघोळीच्या पाण्याला जळण कमी पडलं, तर कोनाड्यातली जुन्या फेरीची कार्डं, आमच्या घरचा पहिला आणि मधला गठ्ठा, मी उचलून बंबात घातली. नवी फेरी पुरी व्हायची आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि हात वेगळे. पुठ्ठा बरा जळतो. पाणी लवकर तापलं.

तेराव्याला तुझी आई आली होती नातेपुत्याहून. तेव्हा तू तिच्या पोटात, सातवा महिना. निघताना एसटीत गार वारं लागेल म्हणून मी ती चादर तिच्या अंगावर घातली. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, ने. मला घरात ती बघायचीही नव्हती आणि न बघायचीही नव्हती. ती गेली आणि चादरही गेली.

चौदाव्या दिवशी मी हातोडी घेतली. लोक बोलले असतील. पहिला आणि मधला गठ्ठा यांच्या आजारपणाआधीच ठोकून झाला होता, ज्या-त्या घरी पोचलाही होता. राहिला होता शेवटचा. अक्काच्या नवऱ्यानं कारखान्यातून मूळ गठ्ठा आणून दिला. वरचंच कार्ड बिनरेघेचं. त्याखालचंही. पन्नासभर कार्डं बिनरेघेची, सगळी नव्या फुलाची. नियम सांगत होता, ही बाजूला ठेव, फडक्यातली घे. फडकं मांडीपाशीच होतं.

मी ते सोडलं नाही.

का, ते मी तुला नीट सांगू शकत नाही. यांचा हात शेवटी शेवटी कापायचा, त्यामुळं त्या कार्डांवर भोकांच्या कडेला पंच घसरल्याचे ओरखडे होते. नकलेत ओरखडे येत नाहीत, फक्त भोकं येतात. ते मला कळत होतं. तरी मी ओरखड्याचं कार्ड वर ठेवलं, कोरे पुठ्ठे खाली, आणि ठक, ठक. पन्नास कार्डं झाली. पुढची लाल रेघेची आली, तीही ठोकली. गठ्ठे बांधले, अक्काकडं एक, जॉबर काकांकडं एक. मूळ गठ्ठा आणि ते फडकं, बांधलेलं तसंच, कारखान्यात परत पाठवलं. मागावर चढवून बघू असं कुणी म्हणालं नाही, आणि मीही म्हणाले नाही.

महिनाही गेला नाही. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात ठिणगी पडली. माणसं बाहेर डबे सोडून बसली होती म्हणून वाचली. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघत होते. माग लोखंडाचे, ते काळे पडून उभे राहिले. फळी, मूळ संच, ते फडकं, चारी मागांवरची कार्डं, यांचा चौकटीचा कागद, सगळं गेलं. जळका पुठ्ठा काळ्या पाखरांसारखा पत्र्यावरून उडत होता. बायका रडत होत्या. अक्का मला म्हणाली, “वैनी, भ्यायचं न्हाय. तीन घरात हाय की आपल्याकडं सगळं.”

मी म्हटलं, “हाय.”

दुसऱ्या शेडमध्ये दोन माग उभे केले. आमच्याकडून पहिला आणि मधला गठ्ठा गेला, अक्काकडून शेवटचा. ओवले, चढवले. मालक स्वतः समोर खुर्ची टाकून बसले. काठ आला, नीट. वेल आली. मग फूल चढायला लागलं. आधी चकलीचे वळसे, एक, दोन, तीन, आणि मधोमध ती चकली तुटली आणि तिथून कललेल्या पाकळ्या निघाल्या, भलत्याच जागी. देठाचा पत्ताच नाही. माग थांबवला.

मग जॉबर काका हळूच म्हणाले, “आजारी होता बिचारा. त्याच्या हातनं चुकलं आसंल. मेलेल्या माणसाला काय बोलायचं?”

मालकांनी मान हलवली. म्हणजे तसंच ठरलं. मी दारात उभी होते. मी काही बोलले नसते तर ते तसंच राहिलं असतं. यांच्या शेवटच्या कामाची आठवण म्हणजे ते फाटकं फूल.

मी म्हटलं, “त्यांचं चुकलं न्हाय. त्यांची कार्डं बरोबर हुती. रेघ मी मोडली. मधला गठ्ठा रेघेचा हाय आणि शेवटचा रेघेच्या नंतरचा.” जुनी कार्डं बंबात घातली तेही सांगितलं.

मला वाटलं कुणीतरी ओरडेल. बरं झालं असतं. अक्का म्हणाली, “आता वरचं निम्मं फूल हाय ना? ते उलटं करून खाली लाव की.” तिच्या नवऱ्यानंच तिला समजावलं, की फूल कललेलं आहे, उलटं केलं तर दोन तोंडांचं होईल. खालचा निम्मा भाग कुठंच नव्हता. चकली तेवढी जुन्या फेरीत पुरी होती.

मालकांनी विचारलं, “नव्या फुलाची एकादी चादर कुणाकडं राह्यलीय का? धागे मोजून परत कार्डं काडता येतील.”

चादरी व्यापाऱ्यांकडं गेलेल्या, कुठल्या गावात कोण पांघरून बसलं असेल. सगळ्यांनी माना हलवल्या. मालकांनी माझ्याकडं बघितलं. “वैनी, तुमच्याकडं ती डागी आलती न्हवं?”

त्याच आठवड्यात तुझ्या जन्माचं कार्ड आलं होतं. पोस्टमननं वाचून दाखवलं होतं. मुलगी झाली, थंडी फार, तुझी चादर उपयोगी पडली. एक पत्र टाकलं असतं तर चादर चार दिवसांत आली असती. तुझ्या आईनं तुला दुसऱ्या कशात गुंडाळलं असतं. मी म्हटलं, “ती दिली कुणाला तरी तेराव्याला. आता न्हाय घावायची.”

असं म्हणताना मला काही वाटलं नाही. खोटं बोलल्याचं नाही, यांचं फूल गेल्याचं नाही. इतकी वर्षं मी शोधते आहे, तेव्हा काय वाटलं होतं. तान्ह्या पोरीच्या अंगावरची चादर काढायची नव्हती, असं मी पुढं स्वतःला सांगायला लागले. असेलही. किंवा ते फूल रोज-रोज मागांवर निघताना मला बघायचं नव्हतं. किंवा काहीच नव्हतं, नुसतं तोंडातून ‘न्हाय’ आलं.

मग जुन्या फेरीला जावं लागलं. मी माझी जाळली होती, पण अक्कानं जाळली नव्हती. मधला आणि शेवटचा तिच्या खाटेखाली, पहिला जॉबर काकांच्या माळ्यावर. तिन्ही एका रेघेचे, तिसऱ्या फेरीचे. मधली तीन महिन्यांची सगळी दुरुस्ती गेली. बारीक केलेलं पान परत जाड आलं, लोंबणारा धागा परत लोंबायला लागला. जॉबर काका म्हणाले, पहिला गठ्ठा तरी नव्या फेरीतला घेऊ, तो चांगला आहे. मी म्हटलं, दोन फेऱ्यांचं एकत्र करायचं नाही. यांचंच वाक्य, माझ्या तोंडून. जुनं पण सगळं एका घटकेचं, हे नव्या पण फाटक्यापेक्षा बरं. चढवलं. चकली निघाली, वळशावर वळसे, पुरी.

मालक म्हणाले, “चालंल.”

चालली. कितीतरी वर्षं चालली. मूळ संच नव्यानं करायचा होता, तो मीच केला. यांची जागा मालकांनी मला दिली. फाटक्या फेरीच्या शेवटच्या गठ्ठ्यातली ती पन्नास कार्डं मी माझ्या हातानं काढून घेतली, आणि नव्या संचात चकलीच ठोकली. पुढच्या प्रत्येक फेरीला रेघ मी ओढायची, आणि पुन्हा कधी मोडली नाही. फडक्यातलं कार्ड निघालं की फडक्यातलंच घ्यायचं. मला चांगली ठोकणारी म्हणायचे.

ती पन्नास नक्कल-कार्डं, वरच्या निम्म्या फुलाची, मी टाकली नाहीत. ट्रंकेत आहेत. कडा भुरभुरतात आता. खालचं निम्मं तुझ्याकडं आहे.

तुझी आई गेली तेव्हा तिचं सामान तू पुण्याला नेलंस. त्यात ती चादर होती, मी बघितली होती, तिच्या ट्रंकेत तळाला, काठाशी धागा तुटलेली. तेव्हा मागितली नाही. परवा तू फोनवर म्हणालीस, ‘मावशी, ते गेलं ते गेलंच, कुठूनही परत येणार नाही,’ तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की आपलं गेलेलं नाही, मी आणलंच नाही. कदाचित विरलीही असेल. कदाचित तू इस्त्रीखाली घालत असशील, रागावणार नाही मी. फुलाचा भाग तेवढा धड असला तरी पुरे.

डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे म्हणतात, त्यानंतर काय दिसेल ते दिसेल. आत्ता उन्हात बसलं की धागा दिसतो. पंच आहे, पट्टी आहे, पुठ्ठा आणून ठेवलाय. मी धागे मोजीन, तू नंबर घाल, अंक तर तुला येतात. मशिनीला चार दिवस म्हणावं थांब. ऑपरेशनच्या आधी ये, आणि येताना चादर घेऊन ये. धुऊ नकोस हं तिला, आहे तशीच आण.